नकाशाकार मर्केटर

आमच्या भूगोलाच्या वर्गांत दर वर्षीं एक लहानशी परीक्षा होते, आणि तींत बहुतेक मुलें हरतात. भिंतीवर टांगलेल्या जगाच्या जुन्या धर्तीच्या नकाशाकडे पाहून ग्रीनलंड व भारत यांत मोठा प्रदेश कोणता तें सांगावयाचें. हात भराभर वर होतात व ग्रीनलंडचें नांव येतें. मग कपाटावरचा पृथ्वीचा गोल काढून टेबलावर ठेवला म्हणजे वर्गांत कुजबुज सुरू होते. कारण भारत ग्रीनलंडच्या सुमारें दीडपट आहे, आणि आफ्रिका खंड तर त्याच्या चौदापट! मुलांस वाटतें, नकाशा काढणारा चुकला. कांहीं पालकांनींही आम्हांस तसें बोलून दाखविलें आहे. पण तो चुकला नव्हता. त्यानें असें जाणूनबुजून कां केलें, हें कळण्यास त्याचें चरित्र पाहिलें पाहिजे.

गेरार्ड मर्केटर याचा जन्म ५ मार्च १५१२ रोजीं फ्लँडर्स प्रांतांतील रूपेलमोंड या गांवीं झाला. हा गांव हल्लीं बेल्जियम देशांत आहे. बाप जोडे शिवून पोट भरी. घरांत मुलें पुष्कळ. आडनांव क्रेमर, म्हणजे व्यापारी; त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणें त्यानें तें लॅटिन करून मर्केटर असें घेतलें. बाप लौकर वारला, परंतु नात्यांतील एका धर्मगुरूनें मुलाचें शिक्षण थांबूं दिलें नाहीं. १५३२ सालीं लूव्हेन येथील विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर तो गेमा फ्रिसियस या गणित्यापाशीं शिकला, आणि तांब्याच्या पत्र्यावर नकाशे व अक्षरें कोरण्यांत इतका तरबेज झाला कीं, सुंदर अक्षर कसें काढावें यावर त्यानें एक पुस्तकच लिहिलें. (आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहतांना या पुस्तकाची आम्हांस वारंवार आठवण होते.)

पृथ्वीचा गोल करावा कसा? चेंडूवर कागद गुंडाळून पाहा, सुरकुत्या पडल्यावांचून राहणार नाहींत. म्हणून नकाशा बारा पट्ट्यांवर छापीत. प्रत्येक पट्टी मध्यें रुंद व दोन्ही टोकांस निमुळती, संत्र्याची साल उभी चिरून काढावी तशी. या पट्ट्या एकमेकींस भिडवून गोलावर चिकटवावयाच्या आणि ध्रुवांवर दोन वाटोळ्या टिकल्या लावावयाच्या. १५४१ सालीं मर्केटरनें केलेल्या गोलाचा व्यास सुमारें १६ इंच होता. त्यावर एक विशेष होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चाललें, तर तें ज्या वाटेनें जाईल तसल्या वाटा त्यानें गोलावर कोरल्या होत्या. त्या सरळ नसतात; ध्रुवाकडे वेढे घेत जातात. खलाशास मात्र कागदावर सरळ रेघ हवी होती.

हा तिढा सुटण्यापूर्वीं मर्केटरवर मोठें संकट कोसळलें. १५४४ च्या फेब्रुवारींत पाखंडाच्या आरोपावरून त्यास पकडण्यांत आलें. ज्या गांवीं तो जन्मला तेथल्याच किल्ल्यांत तो सुमारें सात महिने कोंडलेला होता. त्याच धरपकडींत सांपडलेल्या कांहीं जणांस देहान्त शासन झालें. त्यांत स्त्रियाही होत्या. घरीं पत्नी व लहान मुलें. विद्यापीठानें त्याची बाजू घेतली, पुरावा कांहींच निघाला नाहीं, आणि तो सुटला. आठ वर्षांनीं, १५५२ सालीं, तो कुटुंबासह जर्मनींतील ड्युइसबुर्ग शहरीं जाऊन राहिला. तेथील शाळेंत १५५९ पासून १५६२ पर्यंत त्यानें मुलांस गणित शिकविलें. चरित्रकार ही गोष्ट एका ओळींत उरकतात. आम्हां शिक्षकांस तसें करवत नाहीं.

याच शहरीं १५६९ सालीं त्याचा जगाचा मोठा नकाशा निघाला. अठरा तावांचा, सहा फुटांहून अधिक रुंद. त्यांतील युक्ति अशी. गोलावर विषुववृत्तापासून वर जावें तसतशीं अक्षवृत्तें लहान होत जातात. ६० अंशांवरचें अक्षवृत्त विषुववृत्ताच्या निम्में भरतें. मर्केटरच्या नकाशांत मात्र सर्व अक्षवृत्तें सारख्याच लांबीच्या रेघा आहेत, म्हणजे ६० अंशांवर पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणलें गेलें. मग त्यानें त्या ठिकाणीं उत्तर-दक्षिण अंतरही दुप्पट ताणलें. दोहोंकडून सारखेंच ताणल्यामुळें कोन बिघडत नाहींत, आणि खलाशाची वाट सरळ रेघ होते. पण क्षेत्र चौपट फुगतें. ध्रुव तर त्यावर दाखवितांच येत नाहीं. गोल सपाट करतांना कांहीं तरी खोटें पडणारच. मर्केटरनें दिशा राखली व आकारमान सोडलें. नकाशा खलाशांच्या उपयोगाचा असें त्याच्या नांवांतच म्हटलेलें होतें. शाळेची भिंत त्याच्या ध्यानीं नव्हती.

ज्यांच्या घरीं गोल असेल त्यांनीं मुलांकडून टोकियो व सॅन फ्रान्सिस्को यांमध्यें दोरा ताणून घ्यावा. हा जवळांत जवळचा मार्ग अल्यूशन बेटांच्या बाजूस वर झुकतो, आणि मर्केटरच्या नकाशावर तो कमानीसारखा वांकडा दिसतो. एक सायंकाळ यांत सुखानें जाते.

आपलें गणित मर्केटरनें नीट उलगडून सांगितलें नव्हतें. १५९९ सालीं एडवर्ड राइट या इंग्रज गणित्यानें त्याचीं कोष्टकें छापलीं, आणि मगच हा नकाशा हळूहळू जहाजांवर रुळला. तें पाहावयास मर्केटर उरला नव्हता. १५९० सालीं त्यास पक्षघात झाला, तरी नकाशांच्या पुस्तकाचें काम सुटलें नाहीं. २ डिसेंबर १५९४ रोजीं तो वारला. पुढच्या वर्षीं त्याचा मुलगा रूमोल्ड यानें तें पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलांच्या दप्तरांत असतो तो ॲटलास हा शब्द नकाशांच्या पुस्तकास त्यावरूनच लागला. खांद्यावर आकाश पेलणारा दैत्य मर्केटरच्या मनांत नव्हता. मॉरेतानिया देशाच्या ॲटलास नांवाच्या एका विद्वान राजानें पहिला आकाशगोल तयार केला अशी कथा होती, आणि त्या राजाचें नांव त्यानें आपल्या पुस्तकास दिलें.