सेनापती बापट आणि मुळशीची जमीन

नोव्हेंबर महिन्यात सेनापती बापट यांची जयंतीही येते आणि पुण्यतिथीही. जन्म १२ नोव्हेंबर १८८०, निधन २८ नोव्हेंबर १९६७. पुण्या-मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत, त्यामुळे नाव सर्वांनी ऐकलेले असते. पण ते सेनापती कोणत्या सैन्याचे, असे आपल्याकडे वाढलेल्या एखाद्या मुलाने विचारले तर घरातले मोठेही जरा थांबतात. चलथाण-कडोदरा परिसरातल्या आपल्या मराठी कुटुंबांसाठी ही ओळख मुद्दाम लिहिली आहे. धरणे, कारखाने, जमीन आणि नुकसानभरपाई या गोष्टी आपल्याही घरांत घडलेल्या आहेत.

पारनेर ते पॅरिस

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म अहमदनगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून शिष्यवृत्ती मिळवली आणि १९०४ साली ते इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरोला गेले. तिथे त्यांनी इंग्रजी राज्यातील भारताच्या हालांवर जाहीर भाषण केले आणि शिष्यवृत्ती बंद झाली. पुढचा काळ लंडनला श्यामजी कृष्णवर्मा यांच्या इंडिया हाऊसच्या वर्तुळात गेला. तिथून ते पॅरिसला गेले आणि रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची माहिती मिळवून १९०८ साली मायदेशी परतले.

त्याच वर्षी बंगालमध्ये अलीपूरचा खटला उभा राहिला. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत बापटांचे नाव आले आणि त्यांना सुमारे चार वर्षे अज्ञातवासात काढावी लागली. पुढे इंदूरला ते पकडले गेले, पण त्यांच्याविरुद्ध पुरावा उभा राहिला नाही आणि ते सुटले.

सुटून आलेल्या या माणसाने पारनेरला जे काम हाती घेतले ते पाहून गावकरी चकित झाले. रोज सकाळी झाडू घेऊन ते गावातले रस्ते झाडू लागले, शौचकूप साफ करू लागले. मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गावकऱ्यांची बसवली. पुढे पुण्यात वृत्तपत्रांत काम केले, टिळकांच्या मराठा या इंग्रजी साप्ताहिकासाठी लिहिले. मुंबईत झाडू कामगारांची बाजू घेऊन त्यांची संघटना बांधली. झाडूचा हा नेम पुढे जन्मभर त्यांच्यासोबत राहिला. गावासाठी झटायचे तर गावातले सर्वांत खालचे मानलेले काम आधी स्वतः करायचे, अशी त्यांची समजूत होती. मुळशीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला त्याचे एक कारण हेही असावे.

नीळा-मुळेचे खोरे

पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत मुळशी पेटा. नीळा आणि मुळा या दोन नद्यांचा संगम, भरपूर पाऊस, भाताची खाचरे. इथला आंबेमोहोर तांदूळ नावाजलेला. शेती करणारे बहुतेक मावळे, शिवाजी महाराजांच्या फौजेत लढलेल्यांचे वंशज म्हणवणारे.

टाटांनी खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईला पोहोचवली होती. गिरण्यांना कोळशाऐवजी वीज मिळू लागली आणि मागणी वाढतच गेली. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. संगमाखाली धरण बांधायचे, पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचे आणि तिथली वीज मुंबईला न्यायची, अशी योजना ठरली. त्यात पन्नासहून अधिक गावांतल्या सुमारे ११ हजार माणसांच्या जमिनी आणि घरे जाणार होती.

हे ठरले तेव्हा खोऱ्यातल्या कोणाला विचारले नव्हते. कंपनी आणि मुंबई सरकार यांच्यात बोलणी झाली. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा होताच. त्या कायद्यात सार्वजनिक काम हा शब्द होता आणि सार्वजनिक काम कोणते हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा होता. जमीन रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच कंपनीने शेतांतून चाचणीचे चर खणायला सुरुवात केली. एका शेतकऱ्याने आपल्या शेतात खणू नका म्हणून अडवले, तेव्हा गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखले. ही बातमी खोरेभर पसरली.

सत्याग्रह

विनायकराव भुस्कुटे हे पुण्याचे कार्यकर्ते या प्रश्नात आधीपासून गावोगाव फिरत होते. बापट त्यांना येऊन मिळाले. सभा झाल्या, जमीन सोडायची नाही आणि वेळ पडली तर प्राण द्यायचे अशी शपथ घेतली गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. मजुरांनी हत्यारे खाली ठेवली. काम थांबले. त्याच महिन्यात गांधीजींनी आपल्या पत्रातून टाटांना गरिबांच्या जमिनीचा विचार करण्याची विनंती केली. कंपनीनेही काही महिने काम बंद ठेवण्याचे मान्य केले.

खोऱ्यातल्या लोकांनी बापटांना सेनापती केले ते याच लढ्यात. त्या सेनेजवळ शस्त्र नव्हते. माणसे रुळांवर, खडकांवर, सुरुंग लावलेल्या जागी जाऊन बसत. स्त्रिया बसत, मुले बसत, अटक होई, दुसरी तुकडी येई. बापट गावागावांत मुक्काम करीत, स्वतः रचलेली गाणी म्हणून घेत.

इथपर्यंतची गोष्ट बाहेरचा बलवान आणि आतला दुबळा अशी सरळ वाटते. पुढची तशी नाही.

कागद कोणाचा, नांगर कोणाचा

खोऱ्यातली बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. राबणारा मावळा तिथेच होता, पण खाते दुसऱ्याच्या नावावर होते. कित्येक जण एकेकाळच्या स्वतःच्याच शेतावर कूळ म्हणून कसत होते. नुकसानभरपाई मिळणार ती खातेदाराला. सावकाराच्या दृष्टीने डोंगरातल्या भातखाचरापेक्षा रोख रक्कम बरी होती. कुळाच्या दृष्टीने भरपाई कितीही वाढली तरी त्याच्या हातात त्यातले फारसे येणार नव्हते, आणि भाकरीचे साधन मात्र कायमचे जाणार होते.

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले तेव्हा ही फट रुंद झाली. जमीनमालकांचा एक गट भरपाई वाढवून घेऊन मिटवावे म्हणू लागला. पुण्याच्या पुढाऱ्यांतही दोन मते होती. धरण होऊच द्यायचे नाही की चांगला मोबदला मिळवायचा, यावर बैठकी होत. त्या बैठकींत कुळांचा आवाज क्षीण होता. बापट आणि भुस्कुटे मात्र ठाम होते. जो जमिनीवर जगतो त्याने होकार दिला नसेल तर इतर कोणाच्या होकाराला किंमत नाही, ही त्यांची भूमिका. शिवरामपंत परांजपे यांच्यासारखे वयोवृद्ध संपादकही याच लढ्यासाठी १९२२ साली तुरुंगात गेले.

गांधीजींचा सल्लाही पुढे बदलला. बहुतेकांनी भरपाई स्वीकारली आहे आणि पुढारी अहिंसेला पूर्णपणे बांधलेला नाही, तेव्हा लढा सोडावा असे त्यांचे मत झाले. ज्यांनी भरपाई घेतली ते आणि ज्यांची घरे बुडणार ते, हे नेहमी एकच लोक नव्हते, हा मुद्दा त्या सल्ल्यात हरवला.

बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. दरवेळी बाहेर आल्यावर भिंत आणखी उंच झालेली दिसे, गावे आणखी रिकामी झालेली दिसत. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजके साथीदार घेऊन धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी रुळांवर दगड रचून अडवली आणि या वेळी हातात पिस्तूल घेतले. मग ते स्वतः पोलिसांच्या हवाली झाले. सात वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवण्यात आले.

या कृत्याचे कौतुक करणारे तेव्हाही होते, नाराज होणारेही. एक गोष्ट मात्र खरी, की सभेत शपथ घेऊन हजारभर माणसांनी जाऊन बसणे वेगळे आणि चार-पाच जणांनी रात्री बसून ठरवणे वेगळे. बाराशेंचा लढा मूठभरांचा झाला तो बापटांच्या इच्छेने नव्हे. मागे उभे राहणारे गावच पांगले होते. तरीही त्या शेवटच्या चालीत खोऱ्याचा कौल नव्हता, एका निराश झालेल्या प्रामाणिक माणसाचा होता.

१९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळशीची गावे पाण्याखाली गेली. वीज मुंबईला गेली.

बारडोली आणि मुळशी

आपल्या चलथाण स्टेशनवरून नंदुरबार-जळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात बारडोली येते. तिथला १९२८ चा सत्याग्रह आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरायचे नाकारले आणि शेवटी वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. तेव्हा बापट सिंधच्या तुरुंगात होते.

बारडोली जिंकली आणि मुळशी हरली याचे कारण पुढाऱ्यांच्या योग्यतेत शोधू नये. बारडोलीत सारा भरणारा आणि लढणारा एकच होता. खाते त्याचे, शेत त्याचे, निर्णयही त्याचा. शिवाय मागणी सारा कमी करण्याची होती आणि सरकारला मागे येता येत होते. मुळशीत राबणारा एक, खातेदार दुसरा, पुढारी तिसरा, आणि समोर अर्धी बांधून झालेली भिंत. अर्थात बारडोलीतही ज्याच्या नावावर काहीच जमीन नव्हती, त्या हाळीच्या मजुराच्या वाट्याला त्या विजयातले थोडेच आले. हेही मुलांना सांगायला हवे.

तीच गाडी पुढे व्यारा, उकाई-सोनगड, नवापूर करत जाते. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या पाण्यावर सुरत जिल्ह्यातला ऊस उभा आहे आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. त्या जलाशयाखाली नवापूर-नंदुरबारकडच्या गावांचीही जमीन आहे. इथल्या सुबत्तेत आपणही वाटेकरी आहोत. म्हणून मुळशीची गोष्ट वाचताना आपण दोन्ही काठांवर उभे असतो: ज्यांच्यासाठी धरण झाले त्यांच्यात आणि ज्यांचे गाव गेले त्यांच्यातही.

नंतरची वर्षे

१९३१ साली सुटल्यावर बापट घरी बसले नाहीत. भाषणाबद्दल पुन्हा शिक्षा झाली आणि १९३७ पर्यंतचा काळ तुरुंगात गेला. १९३९ साली निजामाविरुद्धच्या हैदराबाद सत्याग्रहात ते होते, सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे महाराष्ट्रातले काम त्यांनी पाहिले. १९४७ च्या १५ ऑगस्टला पुण्यात ध्वजवंदनाचा मान त्यांना मिळाला. १९५५ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, ते गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते आघाडीवर होते. १९६६ साली सीमाप्रश्नासाठी त्यांनी मुंबईत उपोषण केले, आणि त्यानंतर महाजन आयोग नेमला गेला. तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

मुंबईतला सेनापती बापट मार्ग लोअर परळच्या गिरण्यांच्या बाजूने जातो. ज्या गिरण्यांसाठी मुळशीची वीज हवी होती त्यातल्या बऱ्याच आता बंद आहेत. मुळशीचा तलाव मात्र आहे तिथेच आहे.

आपल्यासाठी

बापट यंत्रांचे वैरी नव्हते. ते इंजिनिअरिंग शिकायला गेलेले गृहस्थ होते. त्यांचा आक्षेप ठरवण्याच्या पद्धतीवर होता. गावात रस्ता, टाकी, सभागृह, कारखाना असे काहीही उभे राहताना आजही तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कागद कोणाच्या नावावर आहे, पैसा कोणाच्या हातून जातो, आणि काम बिघडले तर तिथे राहणार कोण. पहिल्या दोघांना सभेचे निमंत्रण न मागता मिळते. तिसऱ्याला ते द्यावे लागते. भाड्याच्या खोलीत राहणारा, मिलमध्ये रात्रपाळी करणारा, मुकादमाबरोबर ऊसतोडीला आलेला आपला माणूस बहुधा तिसराच असतो.

मंडळाच्या सभेतही हे पाळता येईल. वर्गणी कमी देणाऱ्याचे मत आधी ऐकावे, रात्रपाळीवाल्यांना जमेल अशी वेळ ठेवावी, हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवावा. आणि २८ नोव्हेंबरला सेनापतींच्या तसबिरीला हार घालण्याआधी, पारनेरच्या रस्त्यांची आठवण ठेवून, सभागृहासमोरचे अंगण आपण सर्वांनी मिळून झाडावे.