इशिरो होंडा

इशिरो होंडा (जन्म : ७ मे १९११, यामागाता प्रांत, जपान, मृत्यू : २८ फेब्रुवारी १९९३, टोकियो) हे जपानी चित्रपट दिग्दर्शक होते. 'गॉडझिला' (१९५४) या चित्रपटाद्वारे त्यांनी महाकाय प्राण्यांवरील जपानी चित्रपटांच्या, म्हणजेच कैजूपटांच्या, परंपरेचा पाया घातला. सर्व राष्ट्रांनी एकत्र येऊन संकटाला तोंड द्यावे, हे त्यांच्या अनेक चित्रपटांचे सूत्र आहे. त्या एकत्र आलेल्या जगात बेटांवरील व डोंगरातील लोकांना कोणते स्थान मिळाले, हा मात्र त्यांच्या कार्याच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे.

जीवन

होंडा यांचे वडील बौद्ध मंदिराचे प्रमुख होते. १९२१ मध्ये कुटुंब टोकियोत स्थायिक झाले. निहोन विद्यापीठात चित्रपटकलेचे शिक्षण घेत असतानाच १९३३ मध्ये त्यांनी पी.सी.एल. या चित्रपटसंस्थेत प्रवेश केला. पुढे हीच संस्था 'तोहो' कंपनीत विलीन झाली. सैन्यात वारंवार बोलावणे आल्यामुळे त्यांची अनेक वर्षे चीनमध्ये गेली. युद्धाच्या अखेरीस ते तेथे युद्धकैदी झाले व १९४६ मध्ये मायदेशी परतले. परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले. त्या दृश्याचा प्रभाव 'गॉडझिला'मधील बेचिराख टोकियोच्या चित्रणावर दिसतो.

चित्रपट कारकीर्द

'आओई शिंजू' (१९५१) हा त्यांचा पहिला कथाचित्रपट. समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या 'आमा' स्त्रिया हा त्याचा विषय होता. 'गॉडझिला' ही अणुचाचणीमुळे जागृत झालेल्या प्राण्याची कथा आहे. १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत मूळ चित्रपटाचा बराच भाग कापून रेमंड बर या अभिनेत्याने साकारलेले अमेरिकन वार्ताहराचे पात्र घालण्यात आले. परिणामी जपानी पात्रांची कथा परदेशी प्रेक्षकांपर्यंत एका अमेरिकन माणसाच्या नजरेतून पोहोचली.

'चिक्यू बोएइगुन' (१९५७) व 'उचू दाइसेन्सो' (१९५९) या चित्रपटांत विविध देशांचे शास्त्रज्ञ व सैनिक खांद्याला खांदा लावून परग्रहवासीयांशी लढतात. 'काइजू दाइसेन्सो' (१९६५) मध्ये अमेरिकन अभिनेते निक ॲडम्स यांचा अंतराळवीर जपानी सहकाऱ्याच्या बरोबरीने वावरतो.

उपेक्षितांचे चित्रण

'जूजिन युकीओतोको' (१९५५) या हिममानवावरील चित्रपटात दुर्गम डोंगरातील गावकरी विद्रूप व हिंसक दाखवले आहेत. बुराकुमिन या जपानमधील परंपरेने वंचित समाजाविषयीच्या पूर्वग्रहांशी हे चित्रण जुळते, अशी टीका त्यावर होते. तोहो कंपनीने हा चित्रपट जपानमध्ये घरगुती माध्यमांवर अधिकृतरीत्या प्रकाशित केलेला नाही.

'मोथ्रा' (१९६१) मध्ये हा अंतर्विरोध अधिक ठळक होतो. अणुचाचण्यांची झळ सोसलेल्या इन्फंट बेटावरून दोन चिमुकल्या स्त्रियांना पळवून नेऊन रंगमंचावर त्यांचे प्रदर्शन मांडले जाते. कथेची सहानुभूती बेटवासीयांकडे असून लोभी व्यापारी तिचा खलनायक आहे. प्रत्यक्षात मात्र बेटवासीयांच्या भूमिका जपानी कलावंतांनी त्वचेला गडद रंग लावून केल्या. पुढल्याच वर्षी 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला'मधील फारो बेटाच्या प्रसंगांतही हीच पद्धत दिसते. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या या चित्रपटांत ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांना स्वतःचा चेहरा मिळाला नाही.

'ओरु काइजू दाइशिंगेकी' (१९६९) मध्ये होंडा यांनी शहरी उपेक्षितांकडे लक्ष वळवले. आईवडील दोघेही नोकरीवर जात असल्याने घरी एकटा राहणारा, इतर मुलांचा त्रास सोसणारा औद्योगिक वस्तीतील मुलगा हा त्याचा नायक आहे.

उत्तरायुष्य

दिग्दर्शक म्हणून होंडा यांचा अखेरचा चित्रपट 'मेकागोजिरा नो ग्याकुशू' (१९७५) होय. त्याची पटकथा युकिको ताकायामा या लेखिकेची होती. त्यानंतर होंडा यांनी आपले जुने मित्र अकिरा कुरोसावा यांना 'कागेमुशा' (१९८०) पासून 'मादादायो' (१९९३) पर्यंतच्या चित्रपटांत सहकार्य केले. मेक्सिकन दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो यांनी 'पॅसिफिक रिम' (२०१३) हा चित्रपट होंडा व रे हॅरीहाउझेन यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.