वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवाच्या वर्षीं आपण देवाचे उपकार मोजीत आहों. परंतु उपकार मोजीत असतांना ज्या घरीं अद्याप अश्रु वाळले नाहींत, त्या घराची आठवण धर्मगुरूस राहावी हें योग्यच होय. कापणीस आलेलें धान अवकाळी पावसानें बांधींतच आडवें व्हावें, किंवा दवाखान्यांत नेलेला घरचा कर्ता मुलगा परत न यावा, अशा वेळीं भाविकाच्या मनांतही प्रश्न उठतो कीं, देव खरोखर मजवर प्रेम करितो काय? हा प्रश्न मीं अनेक वर्षें आजाऱ्यांच्या खाटेपाशीं ऐकिला आहे. आणि पुष्कळ वेळां उत्तर न देतां केवळ त्यांचा हात हातीं धरून मी बसलों आहें. म्हणून आज युक्तिवाद बाजूस ठेवून, गोंदियापासून फार दूर, परंतु आपल्याच महाराष्ट्राच्या पश्चिम किनाऱ्यावर जन्मलेल्या एका संताचें चरित्र सांगतों.

गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसई येथें झाला. वसई त्या काळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई ह्याच भूमीची कन्या होती. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं त्यांचें शिक्षण झालें, आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याच बरोबर ते जपानास गेले. तेथील कठीण भाषा त्यांनीं लवकरच आत्मसात केली व सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम निष्ठेनें केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांच्या मनाची एकच उत्कट इच्छा होती. ती कधींही पुरी झाली नाहीं.

वाचकहो, ह्या पहिल्या दुःखाकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. आपण क्रूसाकडेच धांव घेतों. परंतु विचार करावा. त्यांनीं धन मागितलें नव्हतें, मान मागितला नव्हता. देवाची सेवा करण्याची मोकळीक मागितली होती. मागणें पवित्र होतें, तरी दार उघडलें नाहीं. असें दार आपल्यापैकीं कितीजणांनीं ठोठाविलें आहे! गोन्सालो निराश होऊन जपानांतून निघाले, व्यापारांत शिरले आणि त्यांत त्यांची भरभराटही झाली. तरी मूळची ओढ शमली नाहीं. शेवटीं फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं फ्रान्सिस्कन संघानें त्यांस साधे धर्मबंधु म्हणून पदरीं घेतलें.

पुढें फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याजकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून धाडिलें, तेव्हां दुभाषा कोण असावा हा प्रश्न पडला नाहीं. १५९३ सालीं गोन्सालो पुन्हां जपानच्या भूमीवर उतरले. जीं वर्षें व्यर्थ गेलीं असें वाटावें, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आतां सर्वांच्या उपयोगीं पडली. क्योतो शहरांत ह्या संन्याशांनीं चर्च बांधिलें आणि गरीब व कुष्ठरोगी ह्यांच्यासाठीं रुग्णालयें चालविलीं. ज्यांस घरच्यांनींही दूर लोटिलें होतें, त्यांच्या जखमा तेथें धुतल्या जात. देव आपणांस विसरला नाहीं, हें त्या रोग्यांस प्रवचनाच्या आधीं त्या हातांनीं कळविलें.

मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीनें १५८७ सालींच काढिला होता. परंतु त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलें. त्यावरील मालाची जप्ती झाली, तंटा वाढला, आणि धर्मगुरू हे परकीय राजाच्या स्वारीची पूर्वतयारी करितात असा संशय बळावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथें धरपकड झाली. १५९७ च्या जानेवारींत चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यांत आली. नंतर ऐन हिवाळ्यांत, सुमारें महिनाभर, त्यांस दूरच्या नागासाकीपर्यंत चालविलें. वाटेंत आणखी दोघे त्यांस मिळाले व संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तीन जपानी बंधु आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेंकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. बालकांनीं स्तोत्र गाइलें. पौल मिकी ह्यांनीं क्रूसावरूनच आपल्या मारेकऱ्यांस क्षमा केली. मग भाले चालले. वसईच्या गोन्सालोंचें वय तेव्हां चाळिशीच्या घरांत होतें.

तर मग देवाचें प्रेम कोठें होतें? त्यानें कान वांचविला नाहीं, थंडी थांबविली नाहीं, भाला अडविला नाहीं. प्रेमाची परीक्षा जर संकट टळण्यावरच करावयाची असेल, तर गोन्सालोंवर देवानें प्रेम केलें नाहीं असें म्हणावें लागेल. आणि कालवारीवर आपल्या प्रिय पुत्रावरही केलें नाहीं असें म्हणावें लागेल! परंतु आपली श्रद्धा सांगते कीं, प्रभु येशू त्या क्रूसावर आपणांसाठीं स्वतः चढला. म्हणून ख्रिस्ती मनुष्यास मिळालेलें अभय हें दुःख न येण्याचें नव्हे. दुःखांत तो एकटा नसल्याचें आहे. निशिझाकाच्या टेंकडीवर प्रभु त्या सव्विसांच्या आधींच पोहोंचलेला होता.

त्या मरणाचें फळ पाहावयास ते राहिले नाहींत. पोप आठवे उर्बन ह्यांनीं १६२७ सालीं त्यांस धन्यवादित केलें व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं संतपद दिलें. भारतांत जन्मलेले ते पहिले संत होत. १८६५ च्या मार्चांत, ह्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांस अर्पण केलेल्या नागासाकीच्या ओउरा चर्चमध्यें कांहीं जपानी गरीब माणसें आलीं व आपण ख्रिस्ती असल्याचें त्यांनीं धर्मगुरूस हळूच सांगितलें. दोनशेंहून अधिक वर्षें, धर्मगुरूंवांचून, त्यांच्या पिढ्यांनीं श्रद्धा लपवून जतन केली होती.

ह्या चरित्रापासून दोन गोष्टी घ्याव्या. शोकाकुल घरीं जाऊन हें तुझ्या पापाचें फळ, असें कोणीही कदापि बोलूं नये. गोन्सालोंच्या कोणत्या पापास्तव क्रूस आला होता? त्याऐवजीं क्योतोच्या त्या सेवकांप्रमाणें भाकरी घेऊन जावें, आजाऱ्याचें अंथरूण बदलावें, रात्रीं सोबतीस बसावें. आणि जो स्वतः दुःखांत आहे, त्यानें रडण्याची लाज धरूं नये, परंतु प्रार्थना सोडूं नये. दरवर्षीं ६ फेब्रुवारीस ह्या रक्तसाक्ष्यांच्या स्मरणदिनीं मिस्सास यावें आणि आपलें बंद दार, आपली बुडालेली बांधी, आपलें रिकामें अंथरूण वेदीपाशीं ठेवावें.

संत गोन्सालो आपणां सर्वांसाठीं देवापाशीं विनंती करोत.