इंटरप्टला घाबरलेले डाइक्स्ट्रा

सर्वात जवळचा रस्ता शोधणाऱ्या अल्गोरिदममुळे आपण डाइक्स्ट्रांना ओळखतो. 1930 मध्ये रॉटरडॅमला जन्मलेल्या या प्रोग्रामरची खरी कसोटी लागली एक्स-1 कॉम्प्युटरवर. टाइपरायटरचं काम झालं का, हे प्रोग्रामने सारखं विचारत बसायचं, की काम झाल्यावर त्यानेच मध्ये टोकायचं, म्हणजे इंटरप्ट? टोकण्याने वेळ वाचतो. पण ते कधी होईल याचा नेम नाही. चूक सापडली तरी पुन्हा घडवून दाखवता येत नाही. डाइक्स्ट्रांनी निर्णय काही महिने लांबवला (भीती रास्तच होती!), मग होकार दिला. थांबलेल्या प्रोग्रामची स्थिती जपून जशीच्या तशी परत देण्याचं काम त्यांनी चोख बसवलं आणि त्यावरच 1959 मध्ये पीएचडी मिळवली. पुढे त्यांनी आणलेला सेमाफोर रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आजही वापरतात. 2002 मध्ये ते गेले.