गोपाळबाबा वलंगकर : सैनिक आणि लोकनेते

बाबासाहेबांच्या पूर्वी अस्पृश्यांच्या हक्कांसाठी ज्यांनी लेखणी हाती धरली, त्यांत गोपाळबाबा वलंगकर अग्रणी होत. महाडजवळचे रावढळ हे त्यांचे गाव. गावच्या शाळेची दारे ज्या समाजाला बंद होती, त्याला अक्षरज्ञान मिळाले ते इंग्रजांच्या लष्करात. गोपाळबाबांनीही लष्करात नोकरी केली आणि १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहून समाजकार्यास लागले.

महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लेखन केले. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला आधार कोणता, असे प्रश्न त्यांनी उच्चवर्णीयांपुढे मांडले. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापून त्यांनी समाजास संघटित केले.

पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. १८१८ मध्ये कोरेगावी लढलेल्यांचे वंशज आता लढाऊ जातींत मोडेनासे झाले. नोकरीबरोबर शिक्षण, निवृत्तिवेतन आणि प्रतिष्ठेचा मार्गही खुंटला. १८९४ मध्ये गोपाळबाबांनी भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी विनंतीअर्ज तयार केला. त्यांच्या हयातीत ही मागणी मान्य झाली नाही. परंतु अन्यायाची दाद कागदावर आणि सनदशीर मार्गाने मागण्याचा पायंडा पडला.

१८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. अस्पृश्य मनुष्य बरोबरीने बसणार, हे इतर सभासदांना रुचले नाही. तरीही ज्या गावात समाजाला पाणी घेण्याची मोकळीक नव्हती, तेथील कारभारात त्याच समाजाचा एक माणूस सभासद झाला. १९०० साली त्यांचे निधन झाले.

त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गोपाळबाबांनी यांपैकी काहीच पाहिले नाही.

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना शाळेचे दार उघडे मिळाले आहे. ते ज्यांनी आधी ठोठावले, त्या गोपाळबाबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.