आचार्य दिङ्नाग : खऱ्या-खोट्याची कसोटी देणारे

आपल्या पोरांना बुद्ध आणि बाबासाहेब ठाऊक आहेत. मधल्या काळातले थोर आचार्य मात्र ठाऊक नाहीत. त्यांतले एक आचार्य दिङ्नाग.

पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, दक्षिणेत कांचीजवळ, ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घर सोडून ते भिक्खू झाले. तिबेटी परंपरा सांगते, की शरीराहून वेगळाही नाही आणि एकही नाही असा 'पुद्गल' शोधायला गुरूंनी त्यांना सांगितले. दिङ्नागांनी दिवसा खिडक्या उघडल्या, रात्री चहूबाजूंना दिवे लावले, चीवर उतरवून आत-बाहेर पाहिले. काहीच सापडले नाही. तसे त्यांनी सरळ सांगून टाकले, आणि गुरूंनी त्यांना घालवून दिले! पुढे ते आचार्य वसुबंधूंचे शिष्य झाले, असे परंपरा मानते.

'प्रमाणसमुच्चय' हा त्यांचा मोठा ग्रंथ. ज्ञानाची साधने दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान, असे त्यांनी मांडले. शब्दाला, म्हणजे ग्रंथवचनाला, त्यांनी वेगळे प्रमाण मानले नाही. पोथीत लिहिलेय म्हणून खरे, हे तिथेच संपले.

अनुमानातल्या कारणाला त्यांनी तीन अटी घातल्या. ज्याबद्दल बोलतो तिथे ते कारण असावे, तशाच दुसऱ्या ठिकाणी आढळावे, आणि उलट ठिकाणी मुळीच नसावे. गिरणीच्या चिमणीतून धूर दिसला, तर आत आग आहे हे ठरते. पण आग आहे म्हणून धूर असणारच, असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. अटीत न बसणारे कारण म्हणजे हेत्वाभास, कारणाचे नुसते सोंग.

आता वस्तीतले बघा. पोराचा ताप उतरला, म्हणून अंगाऱ्याचा गुण आला म्हणतात. अहो, अंगारा न लावलेल्या पोरांचाही ताप उतरतोच की! तिसरी अट मोडली. अशा सोंगापायी दवाखान्याला उशीर झाला, तर पोर हातचे जाते.

चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने महाराष्ट्रातल्या एका डोंगरी विहाराबद्दल लिहिले आहे, की दिङ्नाग तिथे पुष्कळदा राहत. अभ्यासक तो विहार अजिंठ्याचा मानतात. म्हणजे हे आचार्य आपल्या मातीतही वावरले. त्यांच्या ग्रंथाची संस्कृत पोथी भारतात हरवली. तिबेटी भाषांतरात तो टिकला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा जुने म्हणून खरे मानायची सवयच त्यांनी मोडायला लावली. म्हणून आम्ही म्हणतो, विहारात पोरांना वंदना शिकवा, आणि त्यासोबत 'कशावरून?' हे विचारायलाही शिकवा.

नमो बुद्धाय! जयभीम!