योहान्स केप्लर : आठ कलांच्या फरकासाठी वर्तुळ सोडणारा गणिती

२०१३ च्या अखेरीस भारताचे मंगळयान पृथ्वीची कक्षा सोडून मंगळाकडे निघाले, तेव्हा ते सरळ रेषेत गेले नाही. सूर्याभोवतीच्या एका लंबवर्तुळाकार मार्गाने जवळजवळ दहा महिने प्रवास करत ते मंगळाला जाऊन भेटले. अशा मार्गांचे गणित ज्या नियमांपासून सुरू होते, ते योहान्स केप्लर याने चारशे वर्षांपूर्वी मांडले. हे नियम त्याला मंगळानेच शिकवले होते.

आजारी मुलगा, अंधुक नजर

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील वाइल डेर श्टाट या छोट्या गावात झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. ते वारंवार घर सोडून लढायांवर जात आणि शेवटी परतलेच नाहीत. लहानपणी देवी आल्यामुळे केप्लरची दृष्टी कायमची अधू झाली. मात्र १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू आला, तेव्हा आई काथारिना त्याला तो दाखवायला उंचावर घेऊन गेली होती. ती आठवण त्याने आयुष्यभर जपली.

शिष्यवृत्तीवर तो ट्यूबिंगेन विद्यापीठात पोहोचला. त्याला व्हायचे होते धर्मोपदेशक. पण तिथे मिखाएल मेस्टलिन या शिक्षकाकडून त्याला कोपर्निकसचा सिद्धांत कळला : केंद्रस्थानी पृथ्वी नसून सूर्य आहे. १५९४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे गणित शिकवण्याची नोकरी मिळाली आणि धर्मोपदेशक होणे राहून गेले.

टायकोची निरीक्षणे

केप्लर प्रोटेस्टंट होता आणि ग्राट्सचा राज्यकर्ता कट्टर कॅथलिक. धर्म बदलायला नकार दिल्यामुळे १६०० साली त्याला कुटुंबासह शहर सोडावे लागले. त्याने प्राग गाठले. तिथे सम्राट रुडॉल्फचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे काम करत होता. दुर्बीण अजून खगोलशास्त्रात आलेली नव्हती. तरीही मोठमोठ्या कोनमापक यंत्रांच्या मदतीने टायकोने ग्रहताऱ्यांच्या जागा त्या काळातील सर्वात अचूक मोजून ठेवल्या होत्या.

दोघांचे फारसे पटले नाही. टायको आपल्या नोंदी सहजासहजी हाती देत नसे. पण केप्लरच्या वाट्याला मंगळ आला, आणि तेच महत्त्वाचे ठरले. तेव्हा ज्ञात असलेल्या ग्रहांपैकी मंगळाची कक्षा वर्तुळापासून बरीच दूर आहे, शिवाय तो रात्रभर निरखताही येतो. १६०१ मध्ये टायको अचानक वारला. राजगणिती हे पद केप्लरकडे आले आणि निरीक्षणांच्या वह्याही.

आठ कला

ग्रह वर्तुळातच फिरतात, ही समजूत तेव्हा दोन हजार वर्षे जुनी होती. कोपर्निकसनेही ती सोडली नव्हती. केप्लरने प्रचंड आकडेमोड करून मंगळासाठी वर्तुळाकार कक्षा बसवली. ती बहुतेक निरीक्षणांशी जुळली, पण काही ठिकाणी फरक राहिला तो आठ कलांचा. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्ण चंद्राचा व्यास साधारण तीस कलांचा दिसतो, म्हणजे ही चूक चंद्राच्या सुमारे पाव रुंदीएवढी होती.

दुसऱ्या कोणी हा दोष निरीक्षणाच्या माथी मारला असता. टायकोच्या हातून एवढी मोठी चूक होणार नाही, याची केप्लरला खात्री होती. त्याने स्वतःची वर्षांची मेहनत बाजूला सारली आणि पुन्हा सुरुवात केली. अंड्यासारखा आकारही वापरून पाहिला. अखेर जुळले ते लंबवर्तुळ.

१६०९ साली ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात त्याने दोन नियम मांडले. पहिला : ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य तिच्या दोन नाभींपैकी एकीवर असतो. दुसरा : ग्रह व सूर्य यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. म्हणूनच सूर्याजवळ आलेला ग्रह वेगाने जातो आणि दूर गेलेला रेंगाळतो.

आईवरचा खटला

१६११ मध्ये केप्लरची पत्नी आणि एक मुलगा दगावले. पुढच्या वर्षी तो लिंत्स येथे गेला. १६१५ मध्ये बातमी आली, की आई चेटूक करते असा आरोप एका शेजारणीने केला आहे. काथारिना औषधी वनस्पती देत असे आणि तिचा स्वभाव फटकळ होता. त्या काळात संशयाला एवढे पुरे होते. शिक्षा होती मृत्युदंड.

१६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काथारिनाला अटक करून साखळदंडात ठेवण्यात आले. केप्लर हातातले काम टाकून तिच्याकडे धावला. त्याने साक्षींमधल्या विसंगती शोधल्या, आजारांची नैसर्गिक कारणे दाखवली आणि सविस्तर लेखी बचाव सादर केला. छळाची हत्यारे समोर मांडली, तरी काथारिनाने गुन्हा कबूल केला नाही. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर ती सुटली आणि काही महिन्यांतच वारली.

हे प्रकरण सुरू असतानाच, १६१९ मध्ये, तिसरा नियम प्रसिद्ध झाला : ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूचे उदाहरण घ्या. तो पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे आणि त्याला एका फेरीस ११.८६ वर्षे लागतात. ५.२ चा घन १४०.६ आणि ११.८६ चा वर्ग १४०.७. पुढे न्यूटनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताला या नियमांचा मोठा आधार मिळाला.

चंद्रावरचे स्वप्न

केप्लरने चंद्रप्रवासाची एक कथाही लिहिली होती, ‘सोम्नियम’, म्हणजे स्वप्न. उड्डाणाचा धक्का, विरळ हवेत श्वास घेण्याची अडचण, चंद्राच्या आकाशात एकाच जागी दिसणारी पृथ्वी, हे सारे तिच्यात आहे. कथानायकाची आई वनौषधी विकते आणि तिला अदृश्य शक्तींशी बोलता येते. हस्तलिखिताची चर्चा पसरल्यामुळे आपल्या आईवर संकट ओढवले, असे केप्लरला वाटत राहिले. नंतर त्याने कथेला दोनशेहून अधिक टिपा जोडून तिच्यातले विज्ञान उलगडले. ती छापली गेली १६३४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

थकलेले पैसे वसूल करायला रेगेन्सबुर्गला गेलेला केप्लर १५ नोव्हेंबर १६३० रोजी तिथेच वारला. तीस वर्षांच्या युद्धात त्याची कबरही नष्ट झाली. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी, बुध सूर्यबिंबावरून सरकताना पॅरिसमध्ये पियेर गासेंदी याने पाहिला. ही घटना कोणत्या दिवशी घडेल, हे केप्लरने आधीच वर्तवून ठेवले होते.